आतली खोली

नकाशेकाकांना स्वस्थ म्हणून बसवत नसे. लोकांच्या घरांचे नकाशे काढता काढता ते दहादा उठायचे. गॅस बंद आहे ना, कडी लावली ना, बघून यायचे. एकदा कॉम्प्युटर बंद पडला आणि त्यांच्या जिवाला नवाच घोर लागला. शेवटी त्यांनी हार्ड डिस्कचे दोन भाग केले. सी-मध्ये सिस्टिम, डी नकाशांसाठी. डी-चं नावही ठेवलं, ‘आतली खोली’.

“आता सी पुसली तरी आपल्याला धक्का नाही,” असं ते बायकोला उठताबसता ऐकवत.

महिन्याभरात सिस्टिम बिघडलीच. काकांनी ऐटीत सी पुसली, नवी सिस्टिम भरली आणि आतली खोली उघडली. आत चिटपाखरू नव्हतं. फाइल नजरेआड गेली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा, म्हणून प्रत्येक नकाशा त्यांनी डेस्कटॉपवरच ठेवला होता. डेस्कटॉप सी-मध्येच असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बायको मागे उभी होती. “अहो, खोली झकास बांधलीत. पण राहायला कुणी गेलंच नाही की!”

काका उठले आणि गॅस बंद आहे का, ते बघायला गेले.