अथेन्सच्या अण्णांचं पहिलं पाऊल

केजमध्ये राहून केजला नावं ठेवावीत तर ती आमच्या शेजारच्या अण्णांनीच. हा माणूस कृषी खात्यातून निवृत्त झाला, मुलगी-जावयाकडे अथेन्सला एक हिवाळा, म्हणजे मोजून सहा आठवडे, राहून आला आणि तेव्हापासून ‘आमच्या अथेन्समधी’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होईना. गल्लीनं त्यांचं नावच अथेन्सचे अण्णा ठेवलं. त्यात टिंगल आहे हे त्यांना कधीच कळलं नाही.

तिकडे नाताळात जहाज सजवायची रीत आहे म्हणे. अण्णांनी थर्माकोलचं जहाज केलं, त्याला गणपतीतली दिव्यांची माळ गुंडाळली आणि ओट्यावर ठेवलं. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हे जहाज! ‘दर्यावर गेलेली माणसं सुखरूप यावीत म्हणून असतंय हे,’ ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आमच्या गल्लीतली माणसं फार तर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली. त्यांच्यासाठी कुणी कधी माळ लावली नव्हती.

एका नाताळला त्यांनी जीप करून आम्हा सगळ्यांना रोषणाई बघायला बीडला नेलं. अथेन्सच्या चौकात उंच झाड, फिरते लाकडी घोडे, कोळशावर भाजलेली फळं, हे सगळं वाटेत ऐकवून झालं. बीडला एका केकच्या दुकानापुढं प्लॅस्टिकचं झाड सापडलं. अण्णांनी त्याभोवती एक चक्कर मारली आणि दुकानदाराला सुनावलं, ‘लई बारकं हाय हो तुमचं.’

‘काय घ्यायचं ते बोला काका,’ तो म्हणाला.

मग आम्ही भजी खाऊन परतलो. बीडच्या भज्यांना मात्र अण्णांनी नावं ठेवली नाहीत, दोन प्लेटी संपवल्या.

खरा थाट असायचा एक जानेवारीला. ग्रीसमध्ये त्या दिवशी उंबऱ्यावर डाळिंब फोडतात, जितके दाणे उधळतील तितकी बरकत. चांगलं डाळिंब फोडायला अण्णांचा जीव होत नसे, म्हणून ते बाजारातून डागाळलेलं, टाकाऊ डाळिंब निवडून आणायचे. ते फुटलं की सगळ्यांच्या आधी एखाद्या शुभ माणसानं उजवा पाय टाकून घरात यायचं. ‘तिथं लेकरालाबी हा मान देतात,’ असं सांगून अण्णा दरवर्षी बोलवायचे मात्र एखाद्या पुढाऱ्याला.

एका वर्षी माझी धाकटी बहीण सुमी माहेरी परत आली होती. नवरा जाऊन चार महिने झाले होते. एक जानेवारीच्या आदल्या दिवशी ती अण्णांच्या बायकोसोबत, म्हणजे काकूंसोबत, आमच्या स्वयंपाकघरात दुपारभर बसली आणि दोघींनी त्या तिकडच्या मधात भिजवलेल्या वड्या केल्या, मधाऐवजी गुळाच्या पाकातल्या. किती तरी दिवसांनी तिला काही करावंसं वाटलं होतं. सकाळी ती परात घेऊन निघाली तेव्हा मला फार बरं वाटलं. अण्णांकडे डाळिंब फुटलं होतं, पुढाऱ्याची गाडी यायची होती, सगळी गल्ली ओट्यासमोर उभी होती. सुमी रोजच्यासारखी उंबऱ्याशी गेली आणि अण्णांनी हात आडवा केला.

‘सुमे, थांब. आदी सायेब येऊ दे. तू मागच्या दारानं ये.’

‘कावून, अण्णा? अथेन्समधीबी माझ्यासारख्या बाईला मागचं दार असतंय का?’

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. ‘अगं, हे केज हाय,’ ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांना आपलं गाव आठवलं ते यासाठी! किळस आली मला त्या माणसाची. सुमीनं परात ओट्यावर ठेवली आणि ती घरी निघून गेली. साहेब आले, त्यांनी उजवा पाय टाकला, वड्यांची वाहवा झाली. एक वडी माझ्याही हातात आली. त्यानंतर मी अण्णांची पायरी चढलो नाही. चारचौघांत त्यांची रेवडी उडवायची एक संधी मात्र सोडली नाही.

यंदा दिवाळीनंतर अण्णा आणि काकू कायमचे मुलीकडे निघाले. निरोप घ्यायला अण्णा आले ते आमच्या दाराबाहेरच थांबले. खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

‘सुमे, राग हाय का गं माझा?’

‘हाय,’ सुमी म्हणाली. ‘आत या.’

बरं झालं तोंडावर सांगितलं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली.

‘दादा, तुजाबी हाय. तू बी तिथंच उभा होतास.’

एवढं बोलून ती चहा ठेवायला गेली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो, एकमेकांकडं न बघता.