चौथ्या प्रकरणातली कढी

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात सहा प्रकरणं आहेत. त्यातलं चौथं काढून टाक, असं मला माझ्या गाइड मॅडमनी आधी प्रेमाने सांगितलं आणि मग समितीने जरा कमी प्रेमाने. मी काढलं नाही. ते प्रकरण ओतून टाकलेल्या एका कढीबद्दल आहे. ती कढी मी ओतली होती.

तेव्हा मी तेवीस वर्षांची स्टाफ नर्स होते. परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बायकांच्या सर्जिकल वॉर्डात दिवसपाळी असायची. हॉस्पिटलचं स्वयंपाकघर शाकाहारी, कांदा-लसूणही वर्ज्य. घरून डबा आणायचा असेल तर तोही तसाच हवा, असा बोर्ड गेटवर होता. वॉचमन डबे उघडून वास घ्यायचा. पेशंट मात्र सगळे आसपासचे. लालबाग, करी रोड, कॉटन ग्रीन, माझगाव. निम्म्याहून जास्त घरांत मासळीशिवाय जेवण होत नसे. बोर्ड लावणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणूनच बोर्ड लावला होता.

खिडकीजवळच्या खाटेवर लालबागची एक काकी होती. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. सलाईन निघालं होतं, हलकं जेवण सुरू करा असं डॉक्टर सांगून गेले होते. ट्रे यायचा, त्यात मुगाची पातळ खिचडी आणि दुधीची भाजी. काकी दोन घास खायची आणि ट्रे बाजूला सारायची. मी डायट कार्डावर लिहायचे : पेशंट नॉट कोऑपरेटिव्ह. हे तीन शब्द लिहायला फार सोपे आहेत. पुढे संशोधनासाठी जुनी-नवी कार्डं चाळली तेव्हा कळलं, की ते लिहिण्यात मी एकटी नव्हते.

एक दिवस काकीच्या सुनेने धुतलेल्या साड्यांच्या खाली लपवून डबा आणला. उकड्या तांदळाची पेज आणि मुडदुशीची कढी. मुडदुशी म्हणजे बाजारात नगली म्हणतात ती. पचायला हलकी. आमच्याकडे आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला पहिली मासळी देतात ती हीच. आमच्याकडे म्हणते, कारण मीही तिथलीच. माझे वडील गिरणीत होते आणि आमची चाळ काकीच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर होती.

झाकण उघडलं आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची मुलगी मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, ये बदबू कहाँ से आ रही है?"

त्या दिवशी ट्रस्टींचा राउंड होता. मी गेले, डबा उचलला आणि वॉर्डातल्या मोरीत कढी ओतली. ओतताना वास ओळखला. ओला नारळ, आमसूल, हळद जराशी जास्त. चांगली झाली होती. संध्याकाळी घरी गेले तर आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी दोनदा भात घेतला.

मला त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही लिहिणार नाही. लागली. पुढची अनेक वर्षंही लागत होती.

पुढे शिकत गेले, नोकरी करत करत बीएस्सी, मग एमएस्सी, मग नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. आमच्या अभ्यासक्रमात एक धडा आहे : रुग्णाच्या संस्कृतीचं भान ठेवून शुश्रूषा. मुली तो पाठ करून पाच मार्कांना लिहितात. पुस्तकातली उदाहरणं सगळी परदेशातली, तिकडे स्थलांतर करून गेलेल्या लोकांची. तो धडा शिकवताना एका वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, इथलं उदाहरण द्या ना." माझ्या डोळ्यांसमोर मोरी आली. मी तिला दुसरंच काहीतरी उदाहरण दिलं, उपासाचं. उपासाचं उदाहरण सगळ्यांना चालतं.

पण विषय तिथेच ठरला. हॉस्पिटलात घरून येणारा डबा, आणि त्याचं नर्स काय करते.

गाइड मॅडम गिरगावच्या, हुशार, स्पष्ट बोलणाऱ्या. सिनॉप्सिस वाचून म्हणाल्या, "विषय चांगला आहे. पण अगं, समितीत विचारतील, इथे संस्कृतीचा प्रश्न कुठे येतो? सगळे आपलेच लोक."

"आपलेच आहेत, म्हणून तर डबा ओतता येतो," मी म्हटलं. "परक्याचा ओतायच्या आधी निदान विचारलं असतं."

"हे वाक्य समितीत बोलू नकोस."

"लिहू का?"

"लिहूही नकोस."

मुलाखती सुरू झाल्या. नर्सेस बोलल्या, पेशंट बोलले, स्वयंपाकघरातली माणसंही बोलली. जुन्या हॉस्पिटलातल्या एक मावशी, म्हणजे वॉर्डात साफसफाईला असलेल्या बाई, आता निवृत्त होऊन लालबागलाच राहतात. त्यांच्याशी बोलताना त्या सहज म्हणाल्या, "ती खिडकीजवळची काकी अजून ठणठणीत आहे हो, सिस्टर. आमच्या समोरच्या टॉवरमध्ये. विचारू का तिला?"

मी म्हटलं, विचारा. नाही म्हणेल असं मला वाटत होतं. खरं तर तसं व्हावं असंही वाटत होतं. दोन दिवसांनी मावशींचा फोन आला : बोलावलंय.

चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत उभी राहिलेली. काकी चौदाव्या मजल्यावर. केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ, समोर ताटात सोललेला लसूण. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच ती गो?"

"हो काकी, मीच."

"डबो मावशीन धुवन परत दिल्यान. कढी काय कोणी परत देवक नाय."

मी पिशवीतून संमतीपत्र काढलं. संशोधनात मुलाखत घ्यायच्या आधी हे वाचून दाखवावं लागतं आणि समोरच्याची सही घ्यावी लागते. मी वाचायला लागले. आपली ओळख गुप्त राखली जाईल. आपण कधीही माघार घेऊ शकता.

काकीने लसणीची पाकळी ताटात टाकली. "माजा नाव गुपित. आणि तुजा?"

"माझं नाव पुस्तकावर असणारच ना. संशोधन माझं आहे."

"तां नको सांगू. कढी कोणी ओतली, तां लिवतलंस काय?"

मी संमतीपत्र खाली ठेवलं.

"लिवतलंस तर सांगतंय. नायतर च्या पी आणि चलाक लाग."

मी पेन काढलं आणि संमतीपत्राच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं : 'कढी ओतणारी नर्स म्हणजे संशोधक स्वतः, हे प्रबंधात लिहिलं जाईल, या अटीवर संमती.' काकीला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं आणि सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

मग तिने सांगितलं. सून लग्न होऊन नुकती आलेली, देशावरची, मासळी साफ करायलाही न शिकलेली. पहाटे शेजारणीबरोबर भाऊच्या धक्क्यावर गेली, मुडदुशी घेऊन आली, विचारत विचारत कढी केली. सासूसाठी तिने केलेला तो पहिला पदार्थ. त्यानंतर तिने हॉस्पिटलात काही पाठवलं नाही. घाबरली. काकीनेही पाठव म्हणून सांगितलं नाही. ट्रे येत राहिला, परत जात राहिला.

"उपाशी ऱ्हवलंय तेचा काय नाय," काकी म्हणाली. "गिरणीचो संप बघितलेलो माणूस मी. पन तू नाक धरलंस."

"काय?"

"डबो उचललंस आणि सगळ्या वॉर्डासमोर नाक धरलंस. तुजा घर माका ठावक होता. तुजी आवस आमच्याच कोळणीकडसून मासळी घेय. आणि तू नाक धरतंस!"

कढी ओतली हे मला आठवत होतं. नाक धरलेलं मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

आत सून होती. आता तीही पन्नाशीची. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ द्या ना आई, किती वर्षं झाली."

"जावक कित्याक दिव? लिवन घेता हा ती. लिव दे."

मी लिहून घेतलं, आणि चौथं प्रकरण तेच झालं. त्यात काकीची मुलाखत आहे, माझं डायट कार्डावरचं लिहिणं आहे, आणि नाक आहे. इतर नर्सेसना जसे क्रमांक दिले, तसा मला स्वतःला दिला : नर्स क्रमांक एक, म्हणजे संशोधक स्वतः.

गाइड मॅडमनी वाचून फोन केला. "अगं, पाच प्रकरणं उत्तम आहेत. हे एक काढ. संशोधकाने तटस्थ असायला हवं."

"मॅडम, बाकीच्या नर्सेसचं लिहिताना मी तटस्थ, आणि माझं आलं की गप्प? याला तटस्थ नाही म्हणत, सोयीचं म्हणतात."

"तुझी डिग्री अडकेल. मी भांडणार नाहीये तुझ्यासाठी, आधीच सांगते."

"मी भांडीन."

प्रबंध दाखल करायच्या आधी समितीसमोर मांडावा लागतो. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधले डॉक्टर साहेब स्वतः एका ट्रस्टच्या हॉस्पिटलाचे पदाधिकारी. त्यांनी चौथं प्रकरण दोन बोटांनी उचलून धरलं.

"म्हणजे बाई, तुम्हाला वॉर्डात मासळी शिजवायची परवानगी हवी आहे का?"

बाकीचे हसले. माझ्या शेजारी बसलेल्या गाइड मॅडम खाली बघत होत्या.

"नाही सर. आम्ही पेशंटला विचारलं का नाही, एवढंच विचारलंय. हलकं जेवण द्या, असं तुम्ही लिहिता. हलकं म्हणजे कुणाचं, ते कुणी विचारत नाही."

"यात संस्थेची बदनामी आहे."

"संस्थेचं नाव कुठेच नाही. बदनामी असलीच तर नर्स क्रमांक एकची आहे, आणि तिची हरकत नाही."

"हे वैयक्तिक आहे. आठवणी लिहायच्या तर मासिकात लिहा. प्रबंधातून काढा."

मी फाइलमधून संमतीपत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली. "सर, ही एथिक्स कमिटीने मान्य केलेल्या नमुन्यावरची संमती आहे. खाली अट लिहिलेली आहे. ही मुलाखत वापरायची तर अट पाळावी लागेल. अट मोडायची असेल तर तुम्ही मला तसं लेखी द्या. तिघांच्या सह्यांनिशी. मी ते परिशिष्टात जोडते."

आयुष्यभर सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांतून कामं करून घेतलेली बाई आहे मी. 'लेखी द्या' म्हटल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे.

डॉक्टर साहेबांनी घड्याळ बघितलं. "पुढच्या बैठकीत बघू."

पुढची बैठक सहा महिन्यांनी झाली. तिच्या पुढची आणखी काही महिन्यांनी. दर वेळी मी तोच प्रबंध, त्याच सहा प्रकरणांसह, त्याच निळ्या फाइलीत घालून नेला. एक स्वल्पविरामही हलवला नाही. मधल्या काळात माझ्या मागून आलेल्या दोघींना बढती मिळाली, कारण त्यांच्याकडे डिग्री होती. घरी नवरा म्हणाला, "एक प्रकरणच आहे, काढून टाक ना." मी म्हटलं, "एकच प्रकरण आहे, तर त्यांना एवढं का बोचतंय?" त्यानंतर त्याने विषय काढला नाही. लेखी मात्र कुणीच काही दिलं नाही. शेवटी कंटाळून, किंवा समितीतले डॉक्टर साहेब बदलले म्हणून, प्रबंध पुढे गेला.

व्हायवाला बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाई होत्या. त्यांनी बरंच विचारलं आणि शेवटी चौथं प्रकरण उघडलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही नाक खरंच धरलं होतं का?"

"मला आठवत नाही," मी म्हटलं. "त्यांना आठवतं. म्हणून त्यांचं लिहिलंय."

त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "हट्टी आहेस." त्या मला चहाला घेऊन गेल्या.

बाइंडिंग होऊन आलं तेव्हा माझी प्रत घेऊन मी चौदाव्या मजल्यावर गेले. काकीने सगळं पुस्तक हातात तोललं आणि म्हणाली, "आमचा वाच." मी चौथं प्रकरण वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. नाकाच्या वाक्याशी तिने हात वर केला.

"डाव्या हातान."

"काय?"

"डाव्या हातान धरलंस नाक. उजव्यात डबो होतो. नीट लिव."

मी पर्समधून पेन्सिल काढली आणि माझ्या प्रतीत समासात लिहिलं : डाव्या हाताने. काकीने वाकून बघितलं, मग सुनेला हाक मारली, "हिका च्या दी गो."

मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुली प्रॅक्टिकलला वेगवेगळ्या हॉस्पिटलांत जातात. त्या जुन्या हॉस्पिटलाने प्रबंधानंतर आमच्या मुली घेणं बंद केलं. कारण दिलं नाही. मी दर सत्राच्या सुरुवातीला त्यांना अर्ज करते. अर्जाला चौथ्या प्रकरणाची झेरॉक्स जोडते आणि खाली लिहिते, नकार असल्यास लेखी कळवावे. आवक-क्रमांकाचा शिक्का मारून पोच मिळते. उत्तर अजून आलेलं नाही. झेरॉक्समध्ये समासातली पेन्सिल फार फिकट यायची, म्हणून गेल्या सत्रापासून 'डाव्या हाताने' हे शब्द मी निळ्या पेनने गिरवून घेतलेत. आता स्वच्छ वाचता येतात.