फायबरचा चेंबर

हिरामणची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्याला वाकून नमस्कारच घातला. थळच्या किनाऱ्यावर एका उलथ्या होडीमागून ही मूर्ती प्रकटली: भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, पापण्यांवर बर्फ. वाटलं, हजार वर्षं तप करून कोणी ऋषी हिमालयातून चुकीच्या एसटीत बसले आणि इथे उतरले. ऋषींनी हात पुढे केला, मी भक्तिभावाने धरला. तो बर्फ फायबर घासल्याची धूळ होती. माझा हात तीन दिवस खाजला, चौथ्या दिवशी बायको खाजवू लागली आणि पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचं मांजर.

होड्या दुरुस्त करणारा हा गृहस्थ जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध सांगे: फायबर. गेल्या वर्षी त्याची बायको मैना जुन्या मोटारीतून मासळी घेऊन पेणच्या बाजाराला निघाली आणि मोटारीचा चेंबर दगडावर आपटून फुटला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात. तेल गेलं की इंजिन जाम, आणि इंजिन जाम झालं की मैनाचा धंदा बंद.

"अॅल्युमिनियमचा नवा यायला तीन आठवडे," गॅरेजवाला गणराज म्हणाला.

"मी फायबरचा करतो," हिरामण म्हणाला.

"दादूस, ही होडी न्हाय."

"म्हणून तर सोपं हाय. होडीला रोज समुद्र बडवतो. तुझं अॅल्युमिनियम एका दगडात गेलं."

चार दिवसांत चेंबर तयार. वजनाला इतका हलका की हिरामण तो बोटावर तोलत गावभर फिरला. गणराजने तोंड वाकडं करून तो बसवला. कार्ले खिंडीच्या चढावर तेल चांगलं तापलं आणि चेंबर खरवसासारखा मऊ पडला. तेलाचा लाल दिवा पेटताच मैनाने इंजिन बंद केलं, म्हणून ते वाचलं. हिरामणने होडीचंच रेझिन, म्हणजे फायबर घट्ट धरून ठेवणारा चीक, वापरलं होतं. होडी जन्मभर गार पाण्यात बसलेली. ताप म्हणजे काय, हे तिच्या रेझिनला ठाऊकच नाही.

गावाने आठवडाभर हसून घेतलं.

"आता मागवू का अॅल्युमिनियम?" गणराजने विचारलं.

"मागव. आणि तुझ्या भिंतीला टांग."

हिरामणने पनवेलहून उष्णता सोसणारं रेझिन आणलं. ते पक्कं व्हायला तासन्‌तास भाजावं लागतं. मग हरेश्वरच्या बेकरीत, पाव काढल्यावर निवत चाललेल्या भट्टीत, चेंबर भाजला. दुसऱ्या दिवशी थळच्या पावाला नव्या होडीचा वास होता. हरेश्वर जाब विचारायला आला, तर हिरामण म्हणाला, "पाव फुगला ना? मग."

या वेळी गणराजने पान्याला हात लावला नाही. हिरामणने स्वतः चेंबर बसवला आणि मैनाला म्हणाला, "तू राहा घरी. खिंडीत मी नेतो."

"अवो, इंजिन माझ्या धंद्याचं हाय," मैना म्हणाली. "मीच चालवनार. तुमी टोपल्यांबरोबर मागं बसा. गळलं तर ढकलाय कामाला याल."

भर दुपारी, बर्फासकट सहा टोपल्या लादून, ती तीनदा खिंड चढली आणि उतरली. गणराज मोटरसायकलवरून मागे, रस्त्यावर तेलाचा थेंब शोधत. तिसऱ्या फेरीला मैनाने काच खाली करून विचारलं, "काय रं, काय हरवलंय तुझं?"

चेंबर शेवटपर्यंत गळला नाही. यंदा मोटारीची पंधरा वर्षं भरली, ती भंगारात गेली, आणि फायबरला भाव नाही म्हणून भंगारवाल्याने चेंबर काढून परत दिला.