आटवलेला द्राक्षारस

मनमाडहून निघालेली छोट्या रुळांची गाडी परभणीला पोचली तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या (जकातीच्या) कारकुनानं ट्रंक उघडायला लावली, आणि नाताळासाठी आणलेला करंज्यांचा डबा माझ्याच हातून निसटला. निम्म्या करंज्यांचा भुगा! त्या कारकुनाला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

स्टेशनावर एस्तेर आली होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती इथं मुलींना शिकवते. माझ्या चहाला तोंडावर नावं ठेवणारी जगात ती एकटीच. टांग्यात बसल्याबसल्या तिनं विचारलं, "चहा अजून उकळून उकळून काळा करतेस का गं?"

"करते. आमच्याकडे आवडीनं पितात!" मी ठणकावलं.

दोन्ही बाजूंना काळं रान आणि डोक्याएवढी ज्वारी. एका बांधावर हुरडा भाजत होते. टांगेवाल्यानं न विचारता थांबवून ओंजळभर आणून दिला. असा गोड हुरडा मी पुण्यात कधी खाल्लेला नाही.

जेवताना एस्तेरनं मनातलं सांगितलं. तिची आई दर नाताळाला मनुका आंबवून केलेला द्राक्षारस मसाला घालून गरम करायची, तोही स्वयंपाकघराचं दार आतून लावून. आई जाऊन तीन वर्षं होत आली. दोन नाताळ एस्तेरनं तो करून पाहिला. दोन्ही वेळा बाबांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. यंदा तर बाबा अंथरुणालाच खिळलेले.

"पुढचा नाताळ त्यांना दिसायचा नाही गं," ती म्हणाली. "एकदा तरी आईसारखा जमायला हवा."

मसाला आई कुठून आणायची, एवढंच तिला ठाऊक होतं. आम्ही बाजारात अप्पांच्या किराणा दुकानात गेलो. अप्पा लिंगायत, कपाळावर भस्म, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्यांच्यासमोर मद्याचं नाव कसं काढायचं? एस्तेरनं नुसतं विचारलं, "अप्पा, नाताळाला आई काय काय न्यायची?"

"त्यो काढा व्हय? ध्यानात हाय की! दालचिनी, लवंग, सुंठ, अर्धं जायफळ. खोकल्याला लय गुणाचा. आमच्या घरी बी करतेत. तुमच्या आईनंच सांगितलं हुतं, खळखळून आटवायचा, निम्मा ऱ्हायला की उतरायचा."

बाहेर येईपर्यंत मी हसू कसंबसं दाबलं. एस्तेर मात्र चक्रावली होती. "मी तर नुसता कोमट करत होते. आटवला तर मद्य सगळं उडून जाईल! अप्पांचा घोटाळा झालाय."

"झाला असेल. पण दुसरं कुणाला विचारणार आहेस?"

नाताळाच्या सकाळी देवळातली (चर्चमधली) उपासना आटोपून आल्यावर तिनं बरणीतला द्राक्षारस पातेल्यात ओतला, मसाला टाकला आणि निम्मा होईस्तोवर आटवला. बाबांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. माझाच जीव टांगणीला लागला होता. त्यांनी पेला रिकामा केला.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच तुज्या आईचा."

एस्तेर हुंदके देऊन रडली. मग न राहवून म्हणाली, "पण बाबा, यात दारू उरलेलीच नाही!"

"ठाव हाय. तरणा असताना मी लय पीत हुतो. लग्नानंतरच्या पयल्या नाताळाला तिनं ह्यो दिला. पयल्याच घोटाला वळखलं."

"मग बोलला नाहीत कधी?"

"मला कळलं न्हाई असं समजून लय खूश हुती ती. तिचं त्वांड बघून भायेरची बी सोडली. कशापायी सांगायचं?"

चार दिवसांनी मी परत निघाले. अप्पांनी काढ्याची एक पुडी मलाही बांधून दिली.

पुण्याला पोचल्यावर नेहमीसारखा चहा केला आणि यजमानांपुढे कप ठेवला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. "खरं सांगा, कसा झालाय?"

"फक्कड," ते म्हणाले आणि कप रिकामा केला.

पहिल्यांदाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!