आबांचा शेवटचा शब्द

परवा सैन्यभरतीचं मैदान आहे, म्हणून आज सकाळी दोनदा पळाले, आणि आता भरल्या पोटी सोप्यात सतरंजीवर आडवी झालेय. पोटऱ्या ठणकतायत. आई दारात बसून मेथी निवडतेय. देठ खुडल्याचा बारीक आवाज येतोय, मग लांबून येतोय, मग तो माझ्याच चपलांचा आवाज आहे आणि मी दवाखान्याचा जिना चढतेय.

जिना साताऱ्यातल्या त्याच दवाखान्याचा. पण वर पोचते तर वॉर्डाऐवजी आमच्या कॉलेजची फिजिक्सची लॅब. टेबलाटेबलांवर लंबक टांगलेत, सगळे थांबलेले. खिडकीपाशी खाट आहे आणि खाटेवर आबा बसलेत, माझे वडील. रिटायर सुभेदार. त्यांना जाऊन आठ महिने झालेत. आज दाढी घोटलेली आहे. गेले तेव्हा चार दिवसांची वाढली होती, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं होतं.

मी घाबरायला हवं. पण मला आधी जर्नल सापडायला हवं, कारण आबा विचारतायत की किती प्रयोग झाले. मी म्हणते, सहा. बाकीचे राहिले, आणि आता राहणारच, दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडतेय. ते मान डोलावतात, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल सांगतेय.

त्यांचं म्हणणं जन्मभर एकच होतं. आधी पदवी, मग परीक्षा देऊन अधिकारी हो. अठ्ठावीस वर्षं मी सॅल्यूट ठोकले, आता तू घे. मला एवढा दम नव्हता. मुलींची भरती दहावीवर निघाली होती, एकविशी उलटली की दार बंद. पदवी काय, नोकरीत राहून बाहेरूनही घेता येते, हे मी त्यांना दहादा सांगितलं. ते दहादा नाही म्हणाले. सुभेदारच ते.

मग ते गेले. आणि मी आईला, वसंतकाकांना, सगळ्यांना सांगितलं की शेवटच्या घटकेला आबा मला म्हणाले, जा, तुझ्या मनासारखं कर. आमच्याकडं गेलेल्या माणसाचा शब्द कुणी मोडत नाही. काकांनी तर तेराव्याला चारचौघांत जाहीरच करून टाकलं.

"कल्ये," आबा विचारतात, "मी काय म्हणलो गं शेवटी? सगळा गाव सांगतोय. मलाच ठावं न्हाय."

चिडून नाही विचारत. खरंच विचारतायत.

"जा म्हणालात."

"कुणाला?"

"मला."

"तू कुठं व्हतीस?"

लंबक हलायला लागतात. ज्यांच्या नावानं खोटं बोलले त्यांच्याच तोंडावर खोटं बोलायला माझी जीभ उचलत नाही.

"समोरच्या दुकानात. फॉर्म भरत होते. शेवटचा दिवस होता. तुम्ही झोपला होतात म्हणून..."

आठ महिन्यांत हे पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडतंय. आता ते गरजतील. मला तेच हवंय.

"भरला का नीट?" आबा विचारतात.

"फोटो अपलोड होत नव्हता," मी म्हणते, "म्हणून वेळ लागला." आणि मला रडू फुटतं.

लॅबच्या भिंती नाहीत. आम्ही मैदानावर आहोत. खाट मधोमध, आणि खाटेभोवती छातीवर नंबर लावलेल्या मुली गोल पळतायत, पायांचा आवाज न करता. खाटेशेजारी दवाखान्यातलं पत्र्याचं स्टूल. त्यावर आमच्या घरचा जेवणाचा डबा.

"तो डबा ठेव खाली, आन् बस," आबा म्हणतात.

मी कडीला धरून डबा उचलते. गरम आहे. आणि तिथंच माझे पाय जमिनीत रुततात, कारण हे मी आधी केलंय.

त्या दिवशी मी दुकानातून पळत आले तेव्हा सिस्टर चादर वर ओढत होती. स्टुलावर डबा होता. मी तो उचलून खाली ठेवला आणि बसले. गरम होता. आई डबा घेऊन तीनच्या एसटीनं यायची होती. ती दहा मिनिटांनी जिन्यानं वर आली, मोकळ्या हातांनी. मी तिच्या गळ्यात पडले आणि आबा मला काय म्हणाले ते तिला सांगितलं. डबा कुणी आणला, हे आठ महिने माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आई आधीच आली होती?"

"जीप गावली तिला. मी तुझं नाव घेत व्हतो, म्हणून तुला हुडकायला खाली गेली."

"तिला काय म्हणालात?"

आबा पळणाऱ्या मुलींकडं बघत राहतात. एक मुलगी पडते, उठते, पुन्हा पळते.

"ते तिच्यापाशी हाय," ते म्हणतात. "माझ्याकडं काय उरलं न्हाय आता."

मी डबा घट्ट धरते. कडी हातात रुतते, सोडवत नाही.

डोळे उघडतात तेव्हा ऊन उंबऱ्याच्या आत आलंय. उजवी मूठ आवळलेली आहे, ती सोडवायला मला डावा हात लागतो. तळहातावर आडवी लाल रेघ आहे, वजनाचा डबा लांबवर धरून नेल्यावर उठते तशी. सतरंजीवर तर काहीच नाही. मी तळव्याकडं बघतच राहते.

आई अजून दारातच आहे. मी उठून बसते.

"आई, त्या दिवशी तू एसटीनं आली नव्हतीस."

तिचा हात थांबतो.

"जीप मिळाली व्हती," ती म्हणते.

मी बसल्या जागी भिंतीला टेकते आणि विचारते, "काय म्हणाले आबा तुला?"

ती जुडीची दोरी सोडवते. वर बघत नाही.

"तू सांगितलंस तेच," ती म्हणते, आणि पुन्हा निवडायला लागते.