पऱ्ह्यांची भरपाई

सरांनी सेमिनारचे विषय वाटले त्या दिवशी आमची बस रस्त्यात पंक्चर झाली. मी वर्गात पोहोचले तेव्हा चांगले विषय संपले होते. माझ्या बाकावरच्या मुलीला पंचायत राज मिळालं होतं, त्यावर तर तिचे वडील घरबसल्या बोलू शकले असते. मला उरलेली चिठ्ठी मिळाली. तिच्यात लिहिलं होतं, मोठ्या युद्धानंतर देश नुकसानभरपाई का मागतात. दोन आठवड्यांनी वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, तेही हिंदीत.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी कॉलेजातून काय आणलं हे घरात सगळ्यांना बघायचं असतं, जशी बाजाराची थैली बघतात. मी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक बाबांनी हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "काय आहे यात?"

मी सांगितलं की पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला, तेव्हा जिंकलेल्या देशांनी त्याच्याकडून भरपाई मागितली. नुसता पैसा नाही, कोळसा, जहाजं, दुभत्या गायीसुद्धा.

"गायी?" बाबांनी जेवण थांबवलं. "दुधाच्या?"

"हौ."

"हे बरोबर केलं," बाबा म्हणाले. जर्मनीबद्दल आमच्या घरात झालेली ही पहिली चर्चा.

त्याच आठवड्यात मोठे बाबांची म्हैस आमचे पऱ्हे खाऊन गेली.

मोठे बाबा म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ. घरं वेगळी आहेत, पण शेतं एकाच धुऱ्याच्या, म्हणजे मधल्या बांधाच्या, दोन बाजूंना. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. एका कोपऱ्यात दाट पेरायची, वीतभर वाढली की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एकेक करून रोवायची. आमच्या दोन बांध्यांचा चिखल तयार होता, पाणी उभं होतं, रोवणीच्या आठ बायका सांगून ठेवल्या होत्या. रोवणी लांबली तर धानाला फुटवे कमी येतात, फारच लांबली तर बांधी तशीच पडीक राहते. आणि पऱ्ह्यांच्या कोपऱ्यात आता बोटभर खुंट उरले होते, मधे खुरांचे खड्डे.

आईने म्हशीला परत जाताना पाहिलं होतं. तोंड हिरवं होतं, म्हणाली.

बाबांनी मला मोठे बाबांकडे पाठवलं. ते स्वतः का गेले नाहीत, असं कोणी विचारलं नाही. "तू शिकून राह्यली," एवढंच ते म्हणाले, जणू भांडण मिटवणं हा आमचा एखादा पेपर होता.

मोठे बाबा ओसरीत खाटेवर बसून चहा पीत होते. मी चाचरत विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोणीतरी खाल्ले," ते म्हणाले. "हे मी मानतो. पऱ्हे होते, आता नाईत."

"आईनं म्हैस पाह्यली. तोंड हिरवं होतं."

"या दिवसात कोन्या म्हशीचं तोंड हिरवं नसते, बाई?"

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाली, "सकाळी दावं तुटलं होतं, ते सांगा ना तिले."

"दाव्याचं कोन विचारून राह्यलं?"

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, फक्त दाव्याचं सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. मोठी आई त्यांच्याच बाजूची, तिचं बोलणं आपण वापरावं का? पुस्तकात याबद्दल काही नव्हतं.

संध्याकाळी रामपायलीहून मामाचा फोन आला. त्याच्याकडे पऱ्हे जास्तीचे होते. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून आणून देतो म्हणाला, काही द्यायचं नाही, फक्त ट्रॉली धुऊन परत करा. त्याने पऱ्ह्यांचा फोटोही पाठवला. इतके हिरवेगार की आईने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

बाबा म्हणाले, "नाई."

"काहून नाई?" आईने विचारलं.

"तुह्या भावाच्या म्हशीनं खाल्ले काय माहे पऱ्हे? मंग त्यानं काहून द्यावे?"

"बांधीले का समजते कोनाचे आहेत ते?"

"मले समजते ना."

मी माझी वही काढली. पुस्तकातून उतरवलेली कारणं तिच्यात होती: मोडलेलं पुन्हा उभं करायला, हरलेल्याला पुन्हा डोकं वर काढता येऊ नये म्हणून, आपल्या लोकांना दाखवायला की तुमचं दुःख फुकट गेलं नाही. पहिलं कारण मला सगळ्यात खरं वाटलं होतं. पण मोडलेलं उभं करायचं एवढंच असेल, तर मामाची ट्रॉली पुरेशी होती. मी समासात लिहिलं, "मित्राकडून फुकट मिळत असताना शत्रूकडूनच का हवं?" आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

बाबांना मी घाबरत विचारलं, "मोठे बाबांनी दिलं नाही तर त्यांची म्हैस आणायची का? त्या गायींसारखी?"

बाबांनी थोडा वेळ खरंच विचार केला. "तिले चारा कोन टाकीन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्यांचा ढीग होता. ताजे, मुळांना ओला चिखल. आजूबाजूला कोणी नाही. मला वाटलं, संपलं. मी धावत बाबांना बोलावून आणलं. बाबांनी ढिगाकडे पाहिलं, मग पलीकडच्या शेताकडे, जिथे मोठे बाबा आमच्याकडे पाठ करून नसलेलं गवत उपटत होते.

"कोनी ठेवले?" बाबांनी मोठ्याने विचारलं.

पाठ आणखी वाकली.

"हे असं चोरावानी ठेवलं, हे का भरपाई आहे? भिकाऱ्याले शिळं ठेवते कोनी, तसं आहे हे. हात लावू नको, बाई."

मी हात लावला नाही. आई मागून आली आणि तिने सगळ्या जुड्या उचलून बांधीच्या कडेला पाण्यात उभ्या करून ठेवल्या. उपटलेले पऱ्हे पाण्यात पाय ठेवून दोन दिवस तग धरतात, मग पिवळे पडतात. म्हणजे आता आमच्याकडे दोन दिवस होते. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी घेतले नाई. मी फक्त उभे केले."

त्या दुपारी मला वाटलं की आपण शिकलेलो आहोत तर काही करावं. मी रेघांच्या कागदावर तह लिहिला. पुस्तकात जर्मनीकडून जे कबूल करून घेतलं होतं तसंच पहिलं कलम ठेवलं: "आमच्या म्हशीने केलेल्या संपूर्ण नुकसानीची जबाबदारी आम्ही स्वीकारतो." दुसऱ्या कलमात पऱ्ह्यांच्या जुड्या. तिसऱ्यात लिहिलं, की हे वाचून दोन्ही पक्ष आनंदाने राहतील. ते कलम माझं स्वतःचं होतं.

मोठे बाबांनी मला ते तीन वेळा वाचायला लावलं.

"संपूर्ण काहून? थोडे त पान्यानंही सडले असतीन."

"संपूर्ण काढते."

"आन आमच्या म्हशीनं."

"ते काढलं तर उरतं काय, मोठे बाबा?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हा कागद तू ठेवशीन कोठी?"

"घरी. पेटीत."

"पाहाय, पेटीत. उद्या माह्या पोराचं लगन जमवाले कोनी आलं, तुह्या बापाचं माथं फिरलं, का त्यानं पेटी उघडली. पाव्हण्यासमोर वाचून दाखवीन तो. कागद मरत नाई. म्हनाचं असन तर मी तोंडानं म्हनीन."

"मग चला, म्हणा."

"त्यानं यावं इथी."

मी घरी आले. बाबा म्हणाले, "त्यानं यावं इथी."

मी दोन घरांमध्ये पाच वेळा गेले असेन. शेवटी मोठी आई आणि आई विहिरीवर भेटल्या. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण परत येऊन आईने एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी रोवणीच्या बायका येणार आहेत.

"रोवतीन काय?" बाबांनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही पाहा."

सकाळी आठही बायका बांधीत उतरल्या, लुगडी खोचून, चिखलात पोटऱ्यांपर्यंत. जुड्या कडेला पाण्यात उभ्या होत्या, टोकांना पिवळेपणा धरायला लागला होता. बायका उभ्या राहिल्या. बाबा अलीकडे उभे राहिले. मोठे बाबांना मोठी आई अक्षरशः कोपराने ढकलत धुऱ्यापर्यंत घेऊन आली. मधे धुरा, एक माणूस चालेल एवढा रुंद. त्यावर मी उभी होते, कारण मला दुसरीकडे कुठे उभं राहावं कळेना.

रोवणीच्या बायकांमधली सगळ्यात वयस्क, जी गावभर रोवणीची टोळी घेऊन फिरते, ती म्हणाली, "बोला ना भाऊ. आमचे पाय कुजून राह्यले."

मोठे बाबांनी घसा साफ केला. "म्हैस आमची होती."

बाबांनी मान हलवली.

"दावं कमजोर होतं," मोठे बाबा म्हणाले. मग धुऱ्याकडे पाहत, "मले मालूम होतं कमजोर आहे म्हनून. बदलू बदलू म्हनलं, राहून गेलं."

हे शेवटचं कोणी मागितलंच नव्हतं. माझ्या तहातसुद्धा नव्हतं. बाबांचं तोंड उघडं राहिलं. मला वाटतं, त्यांनी रात्रभर भांडणाची तयारी केली होती आणि आता ती सगळी अंगावर पडून होती. ते एकदम लहान दिसले, म्हणजे धाकट्या भावासारखे.

"बरं," ते म्हणाले.

बायका जुड्यांकडे वळल्या. तेवढ्यात मोठे बाबा म्हणाले, "आता तू सांग. तीन साल आधी या धुऱ्यावरची माही तूर कोनाच्या शेळ्यायनं खाल्ली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू पुस्तकात उत्तर असेल. पुस्तकात जिंकलेल्या देशांना असं कोणी विचारल्याचं मी कुठे वाचलं नव्हतं.

"ते पाहू ना मंग," बाबा म्हणाले.

"मंग नाई," टोळीवाली म्हणाली. तिने हातातली जुडी परत पाण्यात ठेवली. "चला वो बाया हो. यांचं आटपलं का बलावतीन." आणि ती खरंच धुऱ्यावर चढायला लागली.

"थांब ना," बाबा म्हणाले. "आमच्याच होत्या. हौ. पण या पोरीनं पाह्यलं नाई. पुस्तक वाचत बसली होती तिथी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खरं होतं. दहावीची परीक्षा होती, शेळ्या माझ्याकडे होत्या, मी पळसाखाली बसून भूगोल वाचत होते. घरी सांगितलं होतं की शेळ्या रानाकडून आल्या. तीन वर्षं बाबांना माहीत होतं आणि ते बोलले नव्हते. आणि मी चार दिवस दुसऱ्यांकडून कबुली लिहून घेत फिरत होते.

"मोठे बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की टोळीवाली म्हणाली, "जोरानं बोल ना बाई, मंगळवारचा बैलबाजार आहे का हा, का कानात भाव सांगून राह्यली."

"शेळ्या माझ्यामुळे तुरीत गेल्या. मी वाचत होते. मी तिकडे पाहिलंच नाही."

"मले मालूम होतं," मोठे बाबा म्हणाले.

"मग तुरीचं काय द्यायचं?"

"तुरीचं काय देतं तू आता." ते बायकांकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा बदलला. "वो बाई, एवढं दाट नको रोवू. फुटवे कोठी येतीन?"

"माह्या बांधीत दाटच रोवते," बाबा म्हणाले.

"म्हनून त तुले पिकत नाई."

"मले पिकत नाई? मागच्या साली कोनाचे पोते जास्त भरले?"

"पोते मोठे होते का लहान ते सांग ना."

बायका मागे मागे सरकत रोवत होत्या. त्यांच्यापुढे हिरव्या ओळी उभ्या राहत होत्या, निम्म्या दाट, निम्म्या विरळ, जो भाऊ शेवटी ओरडला असेल त्याच्या मताप्रमाणे. दुपारपर्यंत दोन्ही बांध्या रोवून झाल्या. भाऊ तेव्हाही धुऱ्यावरच उभे होते, एकमेकांच्या इतके जवळ की आईने दोघांचा चहा एकाच थाळीत नेला.