सुभेदारांच्या कोंबड्यांचा नियम

"ह्याचा नियम काय?" हा सुभेदारांचा पहिला प्रश्न असे. आमच्याकडे प्रथम आले तेव्हा उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभे राहिले आणि स्वतःच्या पायांकडे बोट करून त्यांनी मला हेच विचारलं. चपला बाहेर काढायच्या की आत आणायच्या, एवढंच त्यांना हवं होतं. "कसंही चालेल," मी म्हटलं. ते हलेनात. "कसंही म्हंजी न्हाई चालत, वहिनी. एक काय ते सांगा." शेवटी मी 'बाहेर' म्हटलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्यामुळे सगळे वैतागलेले असतात आणि पाण्याचा टँकर आला की रांग लावायला सगळ्यांना तोच लागतो.

ह्यांच्या विम्याच्या नोकरीतल्या बदल्या होत होत आम्ही जयपूरच्या प्रताप नगरात येऊन टेकलो आणि शेजारी निघाले साताऱ्याकडचे हे निवृत्त सुभेदार. त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, दम्याला इथली कोरडी हवा मानवली, म्हणून त्यांनी पेन्शनीनंतर इथंच घर घेतलं होतं. आम्ही आलो तेव्हा काकू हयात नव्हत्या. मुलगी पुण्याला. घरात सुभेदार आणि मागच्या अंगणात काकूंनी पाळलेल्या कोंबड्या.

त्यांचं खुराडं पाहण्यासारखं होतं. जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा, त्याला जाळी आणि झुलतं दार. उन्हाळ्यात सुभेदार त्याच्या दोन्ही बाजूंना ओला वाळा लावत. आमच्या कूलरचं पाणी संपलेलं असे, पण कोंबड्यांचा वाळा कधी सुकला नाही. कोंबड्यांना हुद्दे होते. नवी पिल्लं रंगरूट. पहिलं अंडं दिलं की शिपाई, मग नायक, हवालदार. बढती झाली की सुभेदार कुंपणावरून कळवत, "ती करडी नायक झाली बरं का!" आणि मी अभिनंदन कुणाचं करायचं ते न कळून दोघांचंही करी.

गल्ली बहुतेक शाकाहारी. समोरच्या घरातल्या आजी, सगळ्यांच्या मांजी, तर कांदा-लसूणही न खाणाऱ्या. रोज सकाळी त्या गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकत आणि सुभेदारांच्या अंगणाकडे चुकूनही बघत नसत. त्यांनीच तक्रार केली असं कुणी म्हणे, नाही असं कुणी म्हणे. कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी मात्र एका संध्याकाळी सुभेदारांच्या फाटकात येऊन उभे राहिले.

"सूबेदार साहब, रिहायशी इलाके में मुर्गी रखना मना है."

"कौन से नियम से?"

सेक्रेटरींना नियम ठाऊक नव्हता. मग तो शोधायला सुभेदार स्वतःच महापालिकेच्या कचेरीत निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. इथून तिथं, या खिडकीतून त्या खिडकीत. गाई-म्हशींचा नियम सापडला. कुत्र्यांचा सापडला. मोठ्या पोल्ट्रीचाही सापडला. घरामागच्या चार कोंबड्यांबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं. कचेरीतला माणूस हसून म्हणाला, "रख लो, बाबूजी. कौन देखता है!"

दुसरा कुणी असता तर येताना मावा कचोरी घेऊन आला असता. सुभेदार तोंड पाडून आले.

"नियमच न्हाई, वहिनी."

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलं कसं? नियम न्हाई म्हंजी आज सेक्रेटरी खुशीत हाय, कोंबड्या ऱ्हातील. उद्या त्येचं डोकं फिरलं, जातील. मी तरी किती वर्षं पुरणार? कुनाच्या मर्जीवर जगायचं त्येंनी?"

आणि ते सरळ समितीकडे गेले. म्हणाले, सभा घ्या, नियम करा. माझ्याविरुद्ध झाला तरी मी पाळीन. आमच्या ह्यांनी त्यांना समजावलं, "साहेब, कशाला ओढवून घेताय? प्रकरण थंड झालंय." सुभेदार आपले चहात बिस्किट बुडवत राहिले. ज्या कोंबड्या वाचवायच्या त्याच स्वतःच्या हाताने पणाला लावायच्या, हा हिशेब मला समजेना. मला त्यांचा मनापासून राग आला होता.

मग मी माझी अक्कल चालवली. "सभेत मांजींच्या कबुतरांचं काढा. सगळ्यांच्या गच्च्या घाण होतात. पक्षी नकोत म्हणाल्या तर तेही बंद करा म्हणावं."

सुभेदारांनी कप खाली ठेवला. माझ्यावर ते असे कधी रागावले नव्हते. "त्येंचं पुण्य हाय ते. माझी पाखरं वाचवायला मी दुसऱ्याची पाखरं पुढं करू व्हय?"

सभा कॉलनीच्या बागेत भरली, थंडीतल्या दुपारी, उन्हात सतरंज्या टाकून. नियमाचा मसुदा मांडला तो सुभेदारांनीच, त्यांच्या फौजी हिंदीत. कोंबडा ठेवायचा नाही, लोकांची झोपमोड होते. खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून लांब. रोज सफाई. अंडी विकायची नाहीत. आणि शेवटचं, लगतच्या आणि समोरच्या घरांची संमती पाहिजे. मी कपाळाला हात लावला. म्हणजे आता सगळं मांजींच्या हातात.

सगळे मांजींकडे बघू लागले. ओढणी सारखी करत त्यांनी एकच विचारलं, "अंडा देना बंद कर देगी, तब?"

असल्या कोंबडीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्या गल्लीत कुणी उच्चारत नसे.

"पेन्शन, मांजी," सुभेदार म्हणाले.

लोक हसले. मांजी हसल्या नाहीत. "सोचूँगी," म्हणाल्या आणि उठल्या. त्या संध्याकाळी सुभेदार अंगणात नुसते बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मांजी रस्ता ओलांडून आल्या. तोंडाला ओढणी लावून थेट मागच्या अंगणात. लिंबाच्या सावलीत एक लंगडी, पिसं झडलेली कोंबडी पोत्यावर बसली होती. अंडं देणं तिने केव्हाच सोडलं होतं. सुभेदार तिला दाणे हातावर भरवत. काकूंनी वाढवलेल्यांपैकी ती शेवटची. हे त्यांनी सभेत सांगितलं नव्हतं आणि तेव्हाही सांगितलं नाही.

मांजींनी वाकून तिला नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "लिखो. मारना नहीं, कभी भी नहीं. फिर मैं दस्तखत करूँगी."

नियम झाला. मांजींनी खाली सही केली, वळणदार आणि सावकाश. गल्लीतल्या लोकांना वाटलं, कोंबड्या जिंकल्या. मला वाटलं, सुभेदार सुटले. त्या रात्री त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि मांजींना चालेल असं कांदा-लसणाशिवायचं पिठलं केलं. त्या आल्या नाहीत, पण ताटलीभर लापशी पाठवली.

पुढे गुडघे गेले आणि मुलीने सुभेदारांना पुण्याला नेलं. तिच्या सोसायटीत पशुपक्षी पाळायला मनाई आहे. त्यांनी ती मानली, नियम तो नियम. खुराडं कुंपणापलीकडून आमच्या अंगणात आलं, रीतसर, पुन्हा सगळ्यांच्या संमतीनं. लंगडी त्यानंतरच्या पहिल्याच थंडीत गेली. तिला तिच्या लिंबाखालीच पुरली.

गेल्या महिन्यात समितीचे नवे सेक्रेटरी आले. त्यांच्याकडे लग्न, पाहुणे यायचे, तेव्हा या मुर्ग्या इथून हलवा म्हणाले. तेवढ्यात समोरून मांजी काठी टेकत आल्या. आता त्यांना नीट दिसत नाही.

"कैसे हटेंगी?" त्या म्हणाल्या. "नियम है. नीचे मेरे दस्तखत हैं."

सेक्रेटरी गेले. कोंबड्यांनी मानसुद्धा वर केली नाही, माती उकरत होत्या.

मी लगेच सुभेदारांना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बोलतो नंतर, वहिनी," असं कसंबसं म्हणाले, आणि एरवी फोन ठेवताना ठासून 'जय हिंद' म्हणणाऱ्या त्या माणसाने तसाच फोन ठेवला.